म्हैस मिळेल, चाऱ्याचं काय?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा संक्षेप केला आहे.)



समितीने मला विषय दिला आहे 'वारसा जतनासाठी अनुदान कसे मिळवावे'. नाव भारदस्त आहे, पण आपल्या सगळ्यांना माहीत आहे की हा विषय म्हणजे मागच्या गेटाबाहेरची दगडी विहीर. गेले दोन महिने लिफ्टमध्ये, जिन्यात आणि व्हॉट्सॲपवर याच्याशिवाय दुसरं काही चाललेलं नाही. एक बाजू म्हणते, निधी चालून आलाय, घेऊन टाका. दुसरी म्हणते, विहीर गावठाणाची, आपण कशाला त्या भानगडीत पडायचं? मी बँकेतला माणूस. मला दोन्ही बाजूंना आधी कागद मागायची सवय.

कागद काय सांगतो ते आधी बघू. लोकप्रतिनिधींच्या निधीतून अकरा लाखांचं अंदाजपत्रक आलेलं आहे. काम ३१ मार्चच्या आत व्हायला हवं. मी ते अंदाजपत्रक तीनदा वाचलं. विहिरीला आतून सिमेंटचा गिलावा, वर लोखंडी जाळी, भोवती पेव्हर ब्लॉक, स्टीलचं रेलिंग, जे दगड उघडे राहतील त्यांना ऑइल पेंट, आणि समोर नावाची कमान. अकरा लाखांतले जवळजवळ साडेतीन लाख कमानीवर आणि रेलिंगवर आहेत. गाळ काढायला किती? बावीस हजार. दगडी विहिरीला आतून सिमेंट मारलं की दगडांच्या सांध्यांतून येणारं पाणी अडतं. म्हणजे जतन करायच्या खर्चातच झरे बुजवायची सोय केलेली आहे. हे मी कोणाच्या हेतूबद्दल बोलत नाही. शाळेची भिंत असो, स्मशानभूमी असो नाहीतर विहीर, या कामांचं अंदाजपत्रक एकाच साच्यातून निघतं. घाईच्या पैशाला दुसरा साचा शोधायला वेळ नसतो.

घाईच्या पैशाबद्दल मला थोडा अनुभव आहे, तो सांगतो.

मी १९७४ साली बँकेत लागलो. ऐंशीच्या दशकात चार वर्षं एका ग्रामीण शाखेत फील्ड ऑफिसर होतो. तेव्हा एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम जोरात होता. आयआरडीपी म्हटलं की इथल्या जुन्या मंडळींना आठवेल. २ ऑक्टोबर १९८० पासून तो देशातल्या सगळ्या विकास गटांत लागू झाला. अल्पभूधारकाला २५ टक्के सबसिडी, अत्यल्पभूधारकाला आणि शेतमजुराला एक तृतीयांश, आदिवासी कुटुंबाला निम्मी. बाकीचं आमच्या बँकेचं कर्ज. आणि बहुतेकांना हवी असायची म्हैस.

उद्दिष्ट मार्चअखेर पुरं करायचं असे. त्यामुळे फेब्रुवारीत अर्जांचे गठ्ठे यायचे, बाजारात म्हशी महाग व्हायच्या आणि आम्ही मोटारसायकलवरून कानातले बिल्ले तपासत फिरायचो. आता विचार करा, मार्चमध्ये म्हैस घरात आली म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर आली. रानात चारा नाही, ओढ्याला पाणी नाही. ज्याच्याकडे आधीपासून दोन जनावरं होती, वैरण होती, घरात कोणीतरी म्हशीमागे जाणारं होतं, त्याची म्हैस टिकली, हप्ते फिटले, पोरं शिकली. ज्याच्याकडे यातलं काही नव्हतं त्याने चार महिन्यांत ती विकली. त्या माणसाचा दोष नव्हता हो. योजनेत म्हशीचे पैसे होते, चाऱ्याचे नव्हते. आणि सबसिडी वाटून झाल्यावर त्या म्हशीचं पुढे काय झालं, हे विचारायला आलेला पहिला माणूस म्हणजे वसुलीला गेलेला मी.

अनुदान आणि कर्ज यांच्यात मला नेहमी हा फरक वाटत आलाय. कर्ज देणारा दर महिन्याला दार वाजवतो, म्हणून वस्तू शिल्लक आहे की नाही ते तरी कळतं. अनुदान देणारा एकदा फोटो काढतो आणि जातो. सहाव्या वर्षी विहिरीत प्लास्टिकच्या पिशव्या तरंगत असल्या तरी त्याच्या वहीत ती 'पूर्ण' असते.

आता अनुदान मिळतं कुठून, ते थोडक्यात सांगतो.

पहिली वाट सरकारची. केंद्राची संरक्षित स्मारकं १९५८च्या कायद्याखाली येतात, राज्याची १९६०च्या. या दोन्ही याद्यांत आपली विहीर नाही. त्यामुळे पुरातत्त्व खात्याचं दार सध्या तरी आपल्यासाठी नाही. १९९६ साली केंद्राने राष्ट्रीय संस्कृती निधी स्थापन केला. त्यात देणगीदार आपला पैसा अमुक एका वास्तूसाठी म्हणून देऊ शकतो, पण तिथेही मुख्यतः संरक्षित स्मारकांची कामं चालतात. शिवाय सरकारी अनुदानाचे नियम आपल्या घरगुती हिशोबापेक्षा कडक असतात. पैसे ज्या कामासाठी आले त्याच कामावर खर्च झाले असं उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं, ज्याला ऑफिसात सगळे यूसी म्हणतात. बँकेत पडून राहिलेल्या केंद्राच्या अनुदानावर व्याज मिळालं तर तेसुद्धा सरकारला परत करायचं असतं. आपल्या गणेशोत्सवाच्या खात्यासारखं 'उरलेत तर पुढच्या वर्षी वापरू' असं तिथे चालत नाही.

दुसरी वाट कंपन्यांची. २०१३च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ज्या कंपनीचं नक्त मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. कुठल्या कामावर, त्याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. त्यात ऐतिहासिक वास्तूंचं जतन, कला, सार्वजनिक वाचनालयं हे स्पष्ट लिहिलेलं आहे. आपल्यापैकी निम्म्या घरांतली मुलं अशा कंपन्यांत आहेत. म्हणून तर बी विंगमधल्या आपल्या तरुण मित्रांनी उत्साहाने म्हटलं, 'काका, माझ्या कंपनीत मी विचारतो.' जरूर विचारा. पण कंपनी पहिल्याच मेलमध्ये काय मागेल ते सांगतो. संस्थेची १२ए आणि ८०जी नोंदणी, सीएसआर-१ फॉर्म भरून मिळालेला क्रमांक, आणि तशा प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव. आपली सहकारी गृहनिर्माण संस्था यातल्या एकाही रकान्यात बसत नाही. सोसायटी सभासदांच्या सोयीसाठी असते, धर्मादाय कामासाठी नसते. सोसायटीच्या लेटरहेडवर केलेला अर्ज कितीही सुंदर इंग्रजीत असला तरी तो तिथेच थांबेल.

तिसरी वाट आपली मुलं. अमेरिकेत, लंडनला, मेलबर्नला असलेली. 'आम्ही डॉलर पाठवतो' असं दोघातिघांनी कळवलंय, ऐकून बरं वाटलं. इथे मात्र सगळ्यांनी नीट लक्ष द्या. मुलाकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर तोच मुलगा, तीच माया, तेच शंभर डॉलर कायद्याच्या दृष्टीने परदेशी देणगी ठरतात. ती घ्यायला एफसीआरएची नोंदणी किंवा आधी परवानगी लागते, आणि २०२० पासून असे पैसे आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. तेव्हा नातवाच्या वाढदिवसाचे पैसे विहिरीला द्यायच्या आधी पासपोर्टचा रंग विचारा. इतकं करून कोणाला स्वतःच्या आईवडिलांना पैसे पाठवायचे असतील तर नातेवाइकांना पाठवायला काही अडचण नाही, पण आईवडिलांच्या नावाने विहिरीचे पैसे फिरवणं हा जो मार्ग काल कोणीतरी सुचवला, तो मी ऐकला नाही असं समजतो.

मोठ्या कामांतलं काय शिकण्यासारखं आहे? मुंबईत भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ साली सुरू झालेलं, मधल्या काळात फार वाईट अवस्थेला गेलेलं. २००३ साली महापालिका, जमनालाल बजाज फाउंडेशन आणि इन्टॅक यांच्यात त्रिपक्षीय करार झाला, आणि २००५ साली त्या जतनकामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिकचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. लोक तिथलं सोनेरी छत बघून थक्क होतात. मला कौतुक त्या कराराचं वाटतं. इमारत पालिकेची, तज्ज्ञ काम इन्टॅकचं, आणि पुढे संग्रहालय चालवायला स्वतंत्र विश्वस्त मंडळ. दुरुस्तीनंतर सकाळी दार कोण उघडणार, हे दुरुस्तीच्या कागदांबरोबरच ठरलेलं होतं.

राजाबाई टॉवरची गोष्ट बँकवाल्यांना जास्त आवडते. प्रेमचंद रायचंद हे मुंबईच्या शेअरबाजाराचे राजे. त्यांनी १८६४ साली विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख दिले. मनोऱ्याला आईचं नाव द्यावं एवढीच इच्छा. पुढच्याच वर्षी, १८६५ला, कापसाच्या तेजीचा फुगा फुटला आणि शेठजी स्वतः बुडाले. पण पैसा आधीच विद्यापीठाकडे जमा झालेला होता. १८६९ला काम सुरू झालं, १८७८ला मनोरा उभा राहिला. देणगीदाराचा शब्द आणि देणगीदाराचा चेक यांत काय अंतर असतं ते यावरून कळावं. आपल्याकडे सध्या शब्द पुष्कळ जमा झालेले आहेत. आणि दीडशे वर्षांनी त्याच मनोऱ्याच्या दुरुस्तीला टीसीएसने पैसे दिले. म्हणजे दगडाला दर काही पिढ्यांनी नवा दाता लागतोच.

ब्रिटनमध्ये याची वेगळी पद्धत आहे. माझी पुतणी तिकडे असते, तिच्यामुळे मी थोडं वाचलं. तिथली राष्ट्रीय लॉटरी १९९४ साली सुरू झाली. तिकिटांच्या पैशातला जो भाग समाजकार्यासाठी बाजूला काढतात त्याचा पाचवा हिस्सा वारशासाठी जातो. लॉटरी मला पसंत नाही, पण त्यांचा अर्जाचा फॉर्म पसंत आहे. एक तर ते 'वारसा' म्हणजे फक्त इमारत असं धरत नाहीत. जुन्या लोकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायलाही पैसे देतात. दुसरं, गावातल्या लोकांनी फुकट दिलेल्या श्रमाचे तास ते संस्थेचा वाटा म्हणून मोजतात. आणि बांधकामाच्या मोठ्या कामांना पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीचा आराखडा मागतात. थोडक्यात, आधी चारा दाखव, मग म्हैस.

हे आपल्याला नवीन आहे का? मुळीच नाही. पूर्वी देवळाला दिवाबत्तीसाठी जमीन इनाम लावून द्यायचे. देऊळ बांधून मोकळं नाही व्हायचे. त्या शेताच्या उत्पन्नातून तेलवात, पुजारी, झाडलोट चालायची. बँकेच्या भाषेत त्याला कॉर्पस म्हणतात. अहिल्याबाईंनी देशभर घाट आणि विहिरी बांधल्या त्या आपल्या खासगी उत्पन्नातून. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर बघायला आपली सहल गेली होती ना, तिथे एका वेळी बारा मोटा चालायची सोय आहे. त्या मोटा शेतं भिजवायच्या, म्हणून त्या काळी विहीर उपसलेली, साफ, वापरती राहायची. आपली विहीर त्याच्यापुढे चिमुकली. एक धाव, एक थारोळं, उतरायला एकवीस पायऱ्या. पण वापर बंद झाला की दोन्हींचा रोग एकच.

आणि आपली ती वापरात होती, हे नव्या सभासदांना माहीत नसेल. सोसायटी उभी राहिली तेव्हा महापालिकेची लाईन इथवर आली नव्हती. पहिले दोन उन्हाळे गावठाणाने या विहिरीत आपली मोटर टाकू दिली. सकाळी सहा ते आठ. पैसे घेतले नाहीत. त्यांच्या बायका हंडे घेऊन आठनंतर यायच्या, आपल्या टाक्या भरल्यावर. सोसायटीच्या त्या वर्षांच्या ताळेबंदात मी खजिनदार म्हणून सही केलेली आहे आणि पाण्याच्या रकान्यात फक्त विजेचं बिल आहे. तेव्हा 'आपण कशाला' या प्रश्नाला माझं उत्तर त्या रकान्यात आहे.

पण म्हणून विहीर आपली होत नाही. मालमत्ता पत्रकाचा उतारा मी काढला. मालक म्हणून मारुती मंदिराच्या विश्वस्त संस्थेचं नाव आहे आणि 'इतर हक्क' या रकान्यात वहिवाटीने पाणी भरण्याची नोंद आहे. अंदाजपत्रक ठरवताना विश्वस्तांना कोणी विचारलं होतं का? ते समोर बसलेत, त्यांनी परवा मला सांगितलं, त्यांना पेव्हर ब्लॉकची बातमी आपल्या वॉचमनकडून कळली. ज्याची जागा त्याची लेखी संमती नाही, तिथे कुठलाही शहाणा देणारा एक रुपया देणार नाही. आणि दिला तर तो घेऊ नये.

यातून चांगली गोष्ट अशी की मंदिराचा ट्रस्ट १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेला आहे. हिशोब दरवर्षी धर्मादाय आयुक्तांकडे जातो. हिशोब हाताने लिहिलेला आहे, पण एकही वर्ष चुकलेलं नाही. मी पाहिलाय आणि मला हेवा वाटला. त्यांच्याकडे १२ए आणि ८०जी नाही. ते मिळवायला आपल्यातले दोन सीए मदत करायला तयार आहेत, फी न घेता. म्हणजे अर्जदार ट्रस्ट, मदतनीस आपण. कमानीवर नाव कोणाचं हा प्रश्नच उरत नाही, कारण कमान नाही.

आता चाऱ्याचा हिशोब. वर्षातून दोनदा गाळ आणि कचरा काढणं, पावसाळ्यानंतर दगडांच्या सांध्यांत उगवलेली पिंपळाची रोपं मुळासकट काढणं, एक दिवा, आणि आठवड्यातून दोनदा झाडणारा माणूस. मी आणि विश्वस्तांनी बसून आकडा काढला, वर्षाला साधारण ५७ हजार. ठेवीच्या व्याजातून हे भागवायचं तर साडेसहा टक्क्यांनी पावणेनऊ लाखांहून जास्त ठेव लागेल, आणि महागाई धरली तर बारा लाखही कमी पडतील. एवढी ठेव कुठून आणायची? पण आपल्या सदनिका ९६. घरटी महिन्याला ५० रुपये धरले तर वर्षाचे ५७,६०० होतात. एका पिझ्झ्याला यापेक्षा जास्त लागतात, हे माझी नात सांगते. हे पैसे मेंटेनन्सच्या बिलात घालायचे नाहीत, सक्ती करायची नाही. ज्याला पटेल त्याने थेट ट्रस्टच्या खात्यात द्यायचे आणि ट्रस्टची पावती घ्यायची. सगळे ९६ देणार नाहीत हे मलाही कळतं. साठ घरांनी दिले तरी गाळ आणि झाडू भागतो, दिवा पुढच्या वर्षी लावू.

याला तीन वर्षं झाली की आपल्याकडे काय असेल? तीन वर्षांचा हिशोब, आधीचे-नंतरचे फोटो, मालकाची संमती, आणि काम करून दाखवल्याचा पुरावा. कंपनीला तीन वर्षांचाच अनुभव हवा असतो. तेव्हा जाऊ या त्यांच्याकडे, चुन्यात काम करणारा गवंडी आणि जाणकार वास्तुविशारद बरोबर घेऊन. मधल्या काळात वास्तुशास्त्राचे विद्यार्थी विहिरीची मापं घेऊन नकाशा करून द्यायला तयार आहेत. गावठाणातल्या दोन आजी नव्वदीच्या पुढे आहेत. विहिरीवरच्या जत्रेच्या पाण्याचं, दुष्काळाचं त्या जे सांगतात ते मोबाईलवर रेकॉर्ड करायला अनुदान लागत नाही, संध्याकाळी मोकळा अर्धा तास लागतो. हे काम मात्र तीन वर्षं थांबणारं नाही.

अकरा लाखांचं काय करायचं? माझं मत स्पष्ट आहे. नम्रपणे पत्र द्यावं, ट्रस्ट आणि सोसायटी दोघांच्या सहीने, की निधी गावठाणाच्या ड्रेनेजला वापरावा. कारण गटाराचं पाणी पावसात विहिरीकडेच वळतं. तिथे सिमेंट हवंच आहे. यावर कोणी म्हणेल, आलेली लक्ष्मी परत पाठवता का? परत नाही पाठवत, शेजारच्या दाराने आत घेतोय. निर्णय अर्थात सर्वसाधारण सभेचा आणि विश्वस्तांचा. मी फक्त सल्ला दिलाय, आणि निवृत्त माणसाच्या सल्ल्याला फी नसते म्हणून तो लांबतो.

दाराजवळच्या टेबलावर दोन कागद ठेवलेत. एक पत्राचा मसुदा, त्यावर सूचना लिहा. दुसरा पन्नास रुपयांच्या संमतीचा, त्यावर फक्त सदनिका क्रमांक आणि सही. येत्या रविवारी सकाळी सात वाजता गाळ काढायला सुरुवात करतोय. खाली उतरायला गावठाणातले चार तरुण येणार आहेत, त्यांनी दोर आणि घमेली आणायची कबूल केलीत. आपल्याकडून वर ओढायला दहा जण हवेत. पन्नाशीच्या पुढच्यांनी ओढायच्या फंदात पडू नये, चहाची जबाबदारी घ्यावी. मी चहाच्या बाजूला आहे.